नव्याण्णव कड्यांची साखळी

मित्रांनो, मी जमीन मोजणारी एक जुनी साखळी आहे. गुरे बांधण्याची नव्हे. हा खुलासा मला जन्मभर करावा लागला. कारखान्यातून निघाले तेव्हा मला शंभर कड्या होत्या, लांबी सहासष्ट फूट आणि दोन्ही टोकांना पितळी मुठी. ओसाड माळावर पहिली नऊ कुटुंबे वस्तीला आली, तेव्हा त्यांची शेते मीच आखली. प्रत्येक शेत दहा साखळ्या लांब. मात्र पहिल्याच सकाळी बैलाने माझ्यावर पाय दिला. लोहाराने तुटलेली कडी फेकली, उरलेली टोके जोडली आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप लावले. मी सगळे मोजले. मला कोणीच मोजले नाही.

पुढे पोलादी फिता आला. नंतरच्यांची शेते त्याने मोजली. मी शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या परसात कपडे वाळवू लागले.

यंदा गावाने ठरवले, की पहिल्या नऊ कुटुंबांची नावे शाळेसमोरच्या शिळेवर कोरायची. शोधाचे काम निवृत्त ओव्हरसियर आजोबांकडे आले. जुनी यादी सापडली, पण वाळवीने तीन नावे खाल्ली होती. त्या तीन जागांसाठी सतरा दावेदार उभे राहिले. सर्वांत मोठा आवाज गिरणीवाल्यांचा.

काकू म्हणाल्या, "माझे आजोबा पहिल्या नऊंतलेच. ही साखळी त्यांनीच ओढली."

"साखळी भंगारातही मिळते, काकू!" गिरणीवाले म्हणाले. "तोंडाची वाफ दगडावर कोरता येत नाही. पुरावा आणा, पुरावा!"

गावात जन्म जाऊनही काकूंना 'उपऱ्या' म्हणणारे कमी नव्हते.

आजोबा चौकशीला परसात आले आणि त्यांचे कपाळ माझ्यावर आदळले. त्यांनी आधी टेंगूळ चोळले, मग माझ्या कड्या मोजल्या. तीनदा मोजल्या, दोनदा मोजून विश्वास ठेवणे त्यांच्या शिक्षणात बसत नव्हते. नव्याण्णव! मग त्यांनी यादीतल्या सहा कुटुंबांची शेते पोलादी फित्याने मोजली. सहाही लांबीला साडेसहा फूट कमी भरली.

"मग माझेही कमीच भरणार!" गिरणीवाले गरजले. माणसांनी आपले शेत कमी भरावे म्हणून देव पाण्यात ठेवलेले मी प्रथमच पाहिले. गिरणीवाल्यांचे शेत मात्र इंचभरही कमी भरेना.

"नीट ताणा ना जरा," ते काकुळतीने म्हणाले.

"ताणून शेत आखडत नाही, साहेब," आजोबा म्हणाले.

सतरा शेतांपैकी तीनच कमी भरली. त्यांत एक काकूंचे.

शिळा उभी राहिली तेव्हा काकू गळ्यातला फिता काढून पुढे झाल्या आणि आपल्या आजोबांच्या नावाची अक्षरे मापू लागल्या.

"आता काय राहिले, काकू?" गिरणीवाल्यांनी विचारले.

"बाकीच्यांएवढीच आहेत ना, बघते." मग त्या तिथेच पायरीवर बसून रडल्या, आणि गिरणीवाल्यांनी निमूटपणे त्यांना पाणी आणून दिले.

मी आता शाळेच्या कपाटात असते. परवा एक उत्साही गृहस्थ मला पूर्ण करण्यासाठी चकचकीत नवी कडी घेऊन आले होते. आजोबांनी त्यांना दारातूनच परत पाठवले. मित्रांनो, मला तेल द्या, माझा गंज पुसा. पण माझी चूक तेवढी दुरुस्त करू नका. नऊ घरांचा मान तिच्यावर उभा आहे.