उडत्याला जागा

खुर्ची सरकवायचा खटका उजव्या बाजूला होता, डाव्या नव्हे. हात पुन्हा चुकीच्या बाजूला गेला, बोटं गार पत्र्यावर नुसतीच चाचपडत राहिली आणि तिला हसू फुटलं. इतकी वर्षं सहवैमानिक म्हणून उजवीकडच्या खुर्चीत बसून अंगात जे मुरलं होतं, ते या डावीकडच्या खुर्चीत आरशातल्यासारखं उलटं व्हायचं. शिकवणीच्या महिन्यांत हात सरावला असं वाटलं होतं. पण आज आनंदाच्या भरात हात सगळं विसरून बसला होता. खटका सापडला. खुर्ची सरकली, थांबली. समोरची काच, काचेपलीकडे धावपट्टीकडे जाणारा पिवळा पट्टा, आणि हे सगळं आज — आज माझं. कॅप्टन. हा शब्द तिने सकाळी दात घासताना आरशापुढे तोंडात फेस असतानाच म्हणून पाहिला होता, आणि बाहेरून नवरा ओरडला होता, "कॅप्टन, गीझर बंद करा!"

तिने मान वळवून मागे पाहिलं. मागची घडीची खुर्ची मिटलेली होती, भिंतीला चिकटून. जंपसीट. गेले कित्येक महिने तिथे कोणी ना कोणी तपासनीस बसलेला असायचा, आणि प्रत्येक उड्डाणात मानेच्या मागच्या बाजूला त्याची नजर चिकटलेली असायची, ओला टॉवेल ठेवावा तशी. आज तिथे कोणी नव्हतं. आज मान मोकळी.

"मॅडम, एवढं हसू नका," शेजारचा सहवैमानिक म्हणाला. तो तिच्याहून वयाने मोठा, दोन मुलींचा बाप. दोन वर्षांपूर्वीच्या संपात वाढवलेली दाढी त्याने संप मिटल्यावरही ठेवली होती. "प्रवाशांना वाटेल, कॅप्टनला काहीतरी माहीत आहे."

"माहीत आहेच मुळी," ती म्हणाली. "हवा स्वच्छ आहे, विमान धड आहे आणि तुम्ही आहात."

"शेवटचं तेवढं तपासून घ्या."

तेवढ्यात दारात गेटवरची अधिकारी बाई आली. हातात फोन, चेहऱ्यावर दुसऱ्याची अडचण आणून पोचवणाऱ्याचा कंटाळा. "मॅडम, एक जण जंपसीट मागताहेत. आपलेच पायलट आहेत. विमान भरलंय. नव्या नियमाप्रमाणे त्यांनी कालच ऑफिसातून परवानगी घ्यायला हवी होती, ती घेतली नाही. मी नाही म्हणून सांगितलं. पण तुम्हाला एकदा विचारा, म्हणाले." आणि तिने नाव सांगितलं.

सहवैमानिकाने पाण्याची बाटली तोंडाशी नेली होती, ती तशीच खाली ठेवली. "उडता," तो म्हणाला.

उडते — संपात ज्यांनी विमानं उडवली ते. वैमानिकांची ही शिवी बाहेरच्या कुणाला कळायची नाही, स्तुती वाटायची. उडत्यांशी कोणी बोलत नसे, त्यांच्या टेबलाशी कोणी बसत नसे. आणि मुख्य म्हणजे घरी जाताना, कामाला येताना त्यांना कुठलाच कॅप्टन जंपसीट देत नसे. कागदावर असं काही नव्हतं. नुसतं ठरलेलं होतं. ठरवणाऱ्यांत युनियनचा सेक्रेटरी होता, आणि तो सेक्रेटरी आज सकाळी गीझरच्या नावाने ओरडला होता.

पण हा उडता म्हणजे सर. ज्यांनी तिला पहिल्यांदा विमान हातात दिलं ते सर. दोन आसनांचं, पत्र्याचा डबा वाटावं असं ते खडखडतं विमान. आणि एका दुपारी धावपट्टीच्या कडेला ते अचानक दार उघडून खाली उतरले, म्हणाले, "जा आता एकटी," आणि गवतात जाऊन उभे राहिले. त्यांचं वजन नसल्यामुळे विमान एकदम वर उसळलं होतं, तिला वाटलं होतं त्याच्या कितीतरी आधी — ती मोठ्याने किंचाळली होती, भीतीने नव्हे... आणि हेच सर संपाच्या पाचव्या-सहाव्या दिवशी गणवेश घालून, बॅग ओढत, आम्ही फाटकाबाहेर फलक धरून उभे असताना आमच्या मधून चालत आत गेले. माझ्यापाशी आल्यावर थांबले. "बरी आहेस ना?" म्हणाले. बरी आहेस ना! मी उत्तर दिलं नाही. कोणीतरी थुंकलं. ते माझ्या बुटाजवळ पडलं.

"कशासाठी जायचंय त्यांना?" तिने विचारलं.

"विचारलं नाही," गेटवरची म्हणाली. "दारातच उभे आहेत, तुम्हीच विचारा. एक सांगते — कॅप्टनने स्वतः मागितलं तर ऑफिस देईल. मी फोन केलाय. पण तुमच्या नावाने नोंद होईल. आज तुमचा पहिला दिवस ना?"

गंमत बघा, तिच्या मनात आलं. कंपनी म्हणते, जागा कुणाला द्यायची हे ऑफिस ठरवणार. युनियन म्हणते, कॅप्टनचा शब्द शेवटचा. त्यावरून दोघांची महिनोन्‌महिने जुंपलेली. नवरा घरात येरझाऱ्या घालत भाषणं पाठ करतो — कॉकपिटमध्ये कोण बसणार हे खुर्चीत बसलेला माणूस ठरवेल, टेबलाशी बसलेला नाही! आणि या एका माणसाच्या बाबतीत मात्र टेबलाशी बसलेल्या दोघांचंही एकमत. नाही म्हणायला किती सोपं होतं! मला तोंडसुद्धा उघडावं लागणार नव्हतं. आणि तरी छातीत असं धडधडत होतं, जणू विमान आत्ताच सुटलंय.

ती खुर्चीतून उठली. बाहेर, दाराशी, सर उभे होते. साध्या शर्टात, केस जवळजवळ सगळे पांढरे. त्यांनी तिच्या खांद्यावरच्या चार पट्ट्या पाहिल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी इतकं झरकन गेलं, की अभिमान होता की मत्सर, ते तिला पकडता आलं नाही.

"लेकीची आज पहिली एकटीची फेरी आहे," ते म्हणाले. "दुपारी. उड्डाणशाळेतून सकाळी फोन आला, हवा चांगली आहे म्हणून आजच सोडताहेत. यानंतरच्या विमानाने गेलो तर होऊन गेलेलं असेल." त्यांनी बॅग दुसऱ्या हातात घेतली. "नाही म्हणालीस तरी चालेल. मला सवय आहे."

ही सवय तिला टोचली. तिला वाटलं आत्ता, इथेच, भांडावं; सगळं काढावं, तो बूट, ती थुंकी. आणि त्याच वेळी तिला दिसत होती कोणीतरी पोर, घामेजल्या तळव्यांची, खडखडत्या विमानात एकटी. आणि वाटत होतं, अरे, लवकर चला, उशीर होतोय!

"या सर," ती म्हणाली. गेटवरच्या बाईला म्हणाली, "मी मागतेय म्हणून सांगा. माझं नाव घाला."

सरांनी घडीची खुर्ची उघडली, पट्टे बांधले; सहवैमानिकाने मागे वळून पाहिलं नाही. तपासण्यांची यादी वाचताना त्याचा आवाज फक्त कोरडा झाला होता. आणि तिची मान — मोकळी मान — पुन्हा कुणाच्या तरी नजरेखाली आली. पण आज तिला त्याचं ओझं वाटेना. इंजिनांचा आवाज चढला, धावपट्टी वेगाने पोटाखालून पळायला लागली, आणि तिने दांडा हलकेच ओढून घेतल्यावर जमीन सुटली — सगळी माणसं, बॅगा, सर, दाढीवाला, सगळ्यांसकट. तिला गावंसं वाटलं. अर्थात, विमान पुरेसं उंच जाईपर्यंत कॉकपिटमध्ये कामाशिवाय बोलायचं नसतं. कधी नव्हे ते तिला त्या नियमाचे आभार मानावेसे वाटले.

वर पोचल्यावर मात्र शांतता नियमाची उरली नाही, माणसांची झाली. शेवटी तिलाच राहवेना.

"सर, संपात का उडालात?"

सहवैमानिक खिडकीबाहेर पाहू लागला. तिने उत्तराची तयारी करून ठेवली होती. गेली दोन वर्षं तिने मनातल्या मनात त्यांच्यासाठी एक सोय केली होती: घरात कुणाचं आजारपण असेल, कुणी धमकावलं असेल, असं काहीतरी, जे कळल्यावर मला म्हणता येईल, अरेरे, सर, आधी का नाही सांगितलंत? आणि मग सगळं गोड.

"मला तो संप चुकीचा वाटला," सर म्हणाले. "अजून वाटतो."

बस्. एवढंच. मागून त्यांच्या पट्ट्याचा धातू किणकिणला.

"संपापायी आमचे चौघे जण घरी बसले," सहवैमानिक समोर पाहत म्हणाला. "कायमचे."

"माहीत आहे. त्यातले दोघे माझे विद्यार्थी होते."

तिला संताप आला. खरा, स्वच्छ, गरम संताप. आणि आश्चर्य म्हणजे त्या संतापाने तिचा आनंद विझला नाही. दोन्ही शेजारी शेजारी चालू राहिले, दोन इंजिनांसारखे. "मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"मी माफी मागितलेली नाही," ते म्हणाले. "जागा मागितली होती. ती दिलीस."

सहवैमानिकाच्या दाढीत काहीतरी हललं. हसू असेल. "मुलगी कुठलं विमान उडवतेय?" त्याने अजूनही मागे न पाहता विचारलं.

"तुमच्या मॅडमचं. तेच जुनं. दाराला आता दोरी बांधलीय."

"अजून जिवंत आहे ते?" ती ओरडलीच, आणि आपण कॅप्टन आहोत हे आठवून गप्प झाली.

उतरताना आडवा वारा होता. सरांसमोर आपण उतरवतोय हे तिच्या मनात आलं, आणि पुढच्याच क्षणी वाऱ्याने ते पुसून टाकलं. फक्त हात, पाय, पांढरी रेघ... चाकं टेकली, थोडी ठाम, पण सरळ. दार उघडताच ते बॅग न घेता निघाले, परत आले, बॅग घेतली, "येतो" म्हणाले आणि पळाले. त्या वयाचा माणूस अक्षरशः पळत गेला. सहवैमानिक तेवढा वेळ मान वळवून त्यांच्याकडे पाहत होता.

ती नवऱ्याला फोन लावणार, तर त्याचाच आधी आला.

"अगं, उडत्याला आणलंस म्हणे?"

"तुला कळलंसुद्धा?"

"माझं कामच ते आहे. पहिल्याच दिवशी? तेही कंपनीकडून मागून घेऊन? उद्या तेच दाखवतील, बघा, तुमच्या सेक्रेटरीची बायकोसुद्धा आमच्याकडे परवानगी मागते."

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. खरंच की. तिने कपाळाला हात लावला. "तूच म्हणतोस ना, कॅप्टनचा शब्द शेवटचा."

"ते कंपनीला म्हणायचं असतं गं!" तो हसला, हसू आवरून म्हणाला, "मला बैठकीत विचारतील. काय सांगू? गुरू होते म्हणून? पोरीसाठी?"

"पोर नसती तरी दिली असती का, मला माहीत नाही. आणि माझं त्यांच्याशी भांडण मिटलेलं नाही, वाढलंय."

"मग दिलीस का?"

बाहेर इंधनाची गाडी येऊन लागत होती. कुणीतरी हात वर करून तिला खूण केली आणि तिनेही केली. तिला उत्तर सापडेना. सकाळी सापडलं नसतं तर ती घाबरली असती, कुणाला तरी विचारलं असतं, त्यालाच विचारलं असतं. आता जिथे उत्तर असायला हवं होतं, तिथे नुसती मोकळी, वारा खेळणारी जागा होती, आणि तिला तिथे उभं राहवत होतं.

"ऐकतेयस ना?" तो म्हणाला. "मी आधी सांगितलं असतं, नको म्हणून — तरी दिली असतीस?"

तिने फोन कानाशी आणखी घट्ट धरला. फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याहून मोठ्याने तिचा स्वतःचा — भरभर, जिना चढून आल्यासारखा, आणि अजून वर जायचं असल्यासारखा.