उलट्या आट्यांची गाडी

मी प्लायमाउथ व्हॅलियंट, आत्याची जुनी मोटार, बोलतेय. बोस्टनहून शिकून मिनेसोटातल्या घरी परतलेल्या सोल्वेगला वाटलं होतं, मी आत्याच्या गराजमध्ये चादरीखाली चकाकत तिची वाट बघत असेन. तिला मी दिसले ती अंगणात. पुढचं डावं चाक बसलेलं, दारावर लाल रंगाने भलामोठा आकडा, आणि माझ्या काचा फोडायला हातोडा घेऊन निघालेला तिचा आतेभाऊ व्हर्लिन!

"शनिवारी जत्रेत टकरी आहेत," तो म्हणाला. "गाड्यांनी गाड्यांना ठोकायचं. शेवटी जी हलते ती जिंकते."

"हा खून आहे!" सोल्वेग ओरडली. "ही संग्रहालयात जाणार. मी बोलून आलेय."

"घ्या! प्रोफेसरीणबाई आल्या."

मला कुणी विचारलंच नाही. मी १९६३ची. आमच्या आधीच्या गाड्या होड्यांसारख्या लांबत चालल्या होत्या, तेव्हा लोक म्हणाले, जरा आटोपशीर काहीतरी द्या. म्हणून आम्ही आलो. पुढच्या-मागच्या चाकांत एकशे सहा इंच अंतर, आणि तरी आम्ही म्हणे छोट्या! माझं सहा सिलिंडरचं इंजिन तीस अंश कलून बसलंय, आरामखुर्चीत रेलल्यासारखं. त्यात एकशे एक घोडे. आणि गिअरला दांडा नाहीच, डाव्या हाताशी बटणं! आर्डिस आत्या ती दाबत एकतीस वर्षं डेअरीत दूध तपासायला गेली. मग तिची नजर अधू झाली आणि मी नुसती उभी राहिले.

आता ती पायरीवर बसून रुबार्बच्या आंबट देठांची वडी खात होती.

"भांडू नका," ती म्हणाली. "ते बसलेलं चाक जो काढेल, त्याची गाडी. व्हर्लिन, तू आधी."

व्हर्लिनने आयुष्यात शेकडो ट्रकांची चाकं काढलेली. त्याने नटाला पाना लावला आणि नेहमीसारखा डावीकडे रेटला. नट हलेना. तो पान्यावर उभा राहिला. मग उड्या मारायला लागला. एकशे दहा किलोंचा माणूस! मी गदागदा हलत होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

"गंजलाय!" तो धापा टाकत म्हणाला.

"गंजलाय की घट्ट होतोय?" सोल्वेग गुडघ्यांवर बसली. बोल्टाच्या टोकावरची धूळ तिने अंगठ्याने पुसली. तिथे बारीक 'एल' कोरलेला होता, 'लेफ्ट'चा, म्हणजे डावा. "आत्या! हिच्या डाव्या चाकांचे आटे उलटे आहेत?"

"एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नाही बाई," आत्या म्हणाली आणि वडी खाताखाता ठसका लागेपर्यंत हसली.

सोल्वेगने पाना उजवीकडे ओढला. व्हर्लिनने इतकं आवळून ठेवलं होतं की तिला पान्याला दोन्ही हातांनी लटकावं लागलं. करकर झालं, आणि नट सुटला!

"मी तुझ्यासाठी सैल करून ठेवला होता," व्हर्लिन म्हणाला.

"हो ना, दादा. उड्या मारून."

टकरींसाठी त्याने नवी बॅटरी आणि पेट्रोल घातलंच होतं. नवं चाक चढवून तिघं आत बसली. सोल्वेगने बटण दाबलं आणि मी निघाले! मक्याची शेतं, तळं, माना वळवून बघणाऱ्या गायी. मागे व्हर्लिनचं डोकं छताला आपटत होतं. आत्या खिडकीबाहेर हात काढून शाळकरी पोरीसारखी किंचाळत होती, "अजून जोरात, अजून!" सोल्वेग हसता हसता पुन्हा पुन्हा आत्याकडे वळून बघत होती.

परतल्यावर माझं इंजिन टिकटिकत निवत होतं. मी विनवत होते, पोरी, टकरीतून सोडवलंस, आता काचेआड नको गं उभी करूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोल्वेगने संग्रहालयाला फोन लावला.

"गाडी येणार नाही," ती म्हणाली. "मी इथेच राहतेय, आणि ही रोज चालवणार आहे. आत्याला शेजारी बसवून."