गुडघ्यांखालची उशी आणि भिंतीवरची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. उशी म्हटल्याबरोबर जांभई देऊ नका. डोक्याखाली जाण्याचे भाग्य मला कधीच लाभले नाही. मी गुडघ्यांखालची उशी आहे, प्रार्थनेची. डोके टेकले की माणूस झोपतो आणि गुडघे टेकले की त्याने जागे व्हावे, अशी अपेक्षा असते. पण दर वेळी तसे होतेच असे नाही. सतरा वर्षे मी गुडघ्यांखाली काढली आहेत, म्हणून हे बोलते.

माझा जन्म १९५१ साली बंगळुरात, बसवनगुडीतल्या एका बैठ्या घरात झाला. मला अंबुबाईंनी शिवले. हे घराणे कितीतरी पिढ्यांपासून इथलेच. घरात मराठी, बाजारात कन्नड. अंबुबाईंच्या सासऱ्यांनी ख्रिस्ताचा मार्ग धरला, पण नावे घराण्यातलीच राहू दिली. अंबुबाईंनी आपल्या जुन्या इरकली लुगड्याची माझी खोळ केली, पोटात काथ्या ठासला आणि वर सावरीच्या कापसाचा पातळसा थर दिला. त्यांचा मुलगा रघुजी माझ्यावर पहिल्यांदा टेकला आणि कुरकुरला, "आई, काथ्या बोचतो."

"बोचू दे स्वल्प," अंबुबाई म्हणाल्या. "अगदी मऊ केली तर झोप लागेल तुला."

बंगळुरात तेव्हा मराठी ख्रिस्ती मंडळी जेमतेम चौदा घरांची होती. स्वतःचे मंदिर नव्हते, पाळकही नव्हते. कन्नड मंडळी आपले सभागृह वापरायला देई आणि दर तीन महिन्यांनी दूरच्या गावाहून पाळकसाहेब येत. त्या रविवारी प्रभुभोजन असे. भाकर आणि प्याला घेण्याआधी प्रत्येकाने आपले मन तपासायचे, म्हणून आदल्या शनिवारी संध्याकाळी तयारीची सभा भरे.

अंबुबाईंची तयारी मात्र सकाळी घरातच सुरू होई. त्या मला जमिनीवर मधोमध ठेवीत. मग घरातल्या एकेकाने दुसऱ्यापुढे माझ्यावर गुडघे टेकायचे आणि म्हणायचे, "माझं काय चुकलं ते सांग." समोरच्याने मनात असेल ते खरे खरे सांगायचे आणि मग म्हणायचे, "ऊठ." तो शब्द मिळेपर्यंत उठायचे नाही. अंबुबाई स्वतःही टेकत, मुलांपुढेसुद्धा. त्यांचे गुडघे थरथरायचे आणि मला ते फार आवडायचे. जिभेला खोटे बोलता येते, गुडघ्यांना ते जमत नाही.

रघुजीची मोठी बहीण अहल्याअक्का आनेकलच्या सरकारी दवाखान्यात सुईण होती. लग्न केले नव्हते, तिथेच एका खोलीत राही आणि तयारीच्या शनिवारी बसने घरी येई. एकदा ती टेकली असताना रघुजीने तिला मुद्दाम ताटकळत ठेवले. सरकारी कचेरीत कारकून झालेला चोवीस वर्षांचा घोडा, पण कॉफीचा पेला फुंकर मारमारून पीत राहिला. "अय्यो रघू, म्हण की ऊठ! भात उतू चाललाय," अक्का ओरडली. तो हसत म्हणाला, "सरी, बरं, ऊठ." भात करपला आणि करपलेला भात तिघांनी हसत खाल्ला. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस ते एवढेच.

१९५५ साली अंबुबाई आजारी पडल्या. रघुजी इस्पितळात त्यांच्या खाटेपाशी बसून राही. खाटेच्या पायथ्याशी त्यांच्या तापाचा तक्ता टांगलेला होता. ताप चढला की रेघ वर, उतरला की खाली. डॉक्टर आधी तक्ता बघत, मग अंबुबाईंकडे. रघुजीला त्या तक्त्याचे मोठे नवल वाटले. अंबुबाई गेल्या, शनिवारचे टेकणे त्यांच्याबरोबर बंद पडले आणि घरात तक्ता आला.

रघुजीने तो स्वतः आखला. पुठ्ठ्यावर चौकटी, वर मथळा 'आत्मिक प्रकृती'. सकाळची प्रार्थना, संध्याकाळची प्रार्थना, शास्त्राचे अध्याय, सभेची हजेरी, उपास अशा सगळ्यांची बेरीज करून रोज निळ्या पेन्सिलीने एक टिंब, आणि टिंबे जोडून रेघ. तो माझ्या बरोबर वर भिंतीवर टांगला गेला. रेघ कधी खाली आली नाही. खाली येणार कशी? काढणारा हात रघुजीचाच होता.

मंडळीत त्याचे फार कौतुक झाले. "रघुअण्णांची रेघ बघा!" म्हणत लोक घरी येत आणि तसा तक्ता आखून नेत. येणारे मलाही हात लावून बघत, "हीच ना ती उशी?" खोटे कशाला बोलू, मीही फुगले. काथ्याची उशी किती फुगणार, पण फुगले. मंडळीने त्याला पंच केले. पाळकसाहेबांना घरोघरची माहिती नसे, म्हणून प्रभुभोजनाला कोण योग्य याची यादी रघुजी देऊ लागला. त्याने नियमही केला. जो सलग तीन तयारीच्या सभांना आला नाही, त्याचे नाव यादीत नाही.

१९५८ साली, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, त्या नियमात अहल्याअक्का सापडली; आदल्या दिवशी तिची सलग तिसरी सभा चुकली होती.

मी त्या दिवशी सभागृहात पुढच्या बाकापाशी होते. रघुजी मला पिशवीतून नेत असे. अक्का उशिरा आली, शेवटच्या बाकावर टेकली. चेहरा ओढलेला होता, पण डोळे हसत होते. भाकरीचे ताट रघुजीच्याच हातात होते. बाकामागून बाक करीत तो तिच्यापर्यंत पोचला. तिने हात पुढे केला. रघुजीने ताट तिच्यासमोरून शेजारच्या माणसाकडे नेले. का आली नाहीस, एवढेसुद्धा विचारले नाही. अक्काचा हात तसाच हवेत राहिला आणि मग तिने तो पदराखाली घेतला. शेवटचे गीत सुरू होण्याआधीच ती निघून गेली, आणि पुन्हा आली नाही.

त्या संध्याकाळी रघुजी माझ्यावर टेकला, उठला आणि तक्त्यावर निळे टिंब दिले. उंच.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे मला सांगवत नाहीत. गुडघे रोज यायचे, पाच म्हणजे पाचला. रघुजी पावसासाठी प्रार्थना करी, देशाच्या कारभाऱ्यांसाठी करी, आफ्रिकेतल्या अनोळखी लोकांसाठी करी. शेजारच्या देवाप्पाच्या म्हशीसाठीसुद्धा एकदा केली. अक्काचे नाव मात्र एकदाही नाही. शब्दांना खळ नव्हता, पण गुडघे थंडगार असत. पूर्वी माझ्या खोळीवर आसवांचे डाग पडत. आता खोळ कोरडी राही आणि मला त्या कोरडेपणाची भीती वाटे. दिव्याखाली अंधार असतो, तसा रेघेखाली मी होते.

१९६२मध्ये त्याचा उजवा गुडघा दुखू लागला. डॉक्टरकडून आल्यावर तो बायकोला, पद्मावतीला, हसत सांगू लागला, "गंमतच आहे त्या डॉक्टरची. मी दुखतं ती जागा दाखवतोय, तर म्हणतो, तुम्ही हात लावू देत नाही ती जागा आधी बघू द्या."

पद्मावती नाचणी निवडत होती. ती कधी फारसे बोलत नसे. सुपातून मान वर न करता ती म्हणाली, "तुमच्या प्रार्थनेतही तशी एक जागा आहे. सगळ्या जगाची नावं येतात, अक्कांचं येत नाही."

रघुजीचा चेहरा लाल झाला. "नियम सगळ्यांना सारखा असतो," तो म्हणाला. मग मला उचलून त्याने कपाटावर टाकले. कारण काय, तर गुडघा! पुढे तो खुर्चीत बसून प्रार्थना करू लागला आणि रेघ होती तिथेच उंच राहिली.

कपाटावर मी दोन वर्षे काढली. झुरळांनी माझ्या काठाला भोक पाडले. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. मी वरून रघुजीकडे बघे आणि वाटे, काथ्या माझ्या पोटात आहे की याच्या?

१९६४च्या जूनमध्ये एका दुपारी दारात एक बाई आली. बरोबर सहा वर्षांची मुलगी होती. "मी आनेकलची भागुबाई," ती म्हणाली. "अक्का पायरीवरून पडल्यात. मांडीचं हाड मोडलंय. त्यांनी बोलावलेलं नाही हं, मीच आले."

पद्मावतीने तिला बसवले, मुलीला गूळ दिला. नाव विचारले. मुलगी म्हणाली, "कावेरी."

"अक्कांच्या हातची ही," भागुबाई म्हणाली. "दोन दिवस अडले होते मी. शुक्रवार, शनिवार अक्का माझ्यापासून हलल्या नाहीत. रविवारी पहाटे ही झाली. तशाच तोंडावर पाणी मारून त्या पहिल्या बसनं निघाल्या. म्हणाल्या, आज देवाच्या पंगतीला जायचंय, पोरीसाठी आभार मानायचेत. आणि परत आल्या त्या उपाशीच. काय झालं म्हणून विचारलं तर रडल्या, पण सांगितलं नाही."

"कुठला रविवार?" रघुजीने विचारले.

तिने सांगितले. फेब्रुवारी, अठ्ठावन्न.

रघुजी उठला. जुने तक्ते तो जपून ठेवी. त्याने अठ्ठावन्नचा काढला, त्या शनिवारावर बोट ठेवले, मग रविवारावर. दोन्हीकडे निळी टिंबे होती, महिन्यातली सगळ्यांत उंच. तो कितीतरी वेळ बोट तसेच ठेवून उभा राहिला. आपली बहीण सुईण आहे आणि बाळे काही शनिवार पाहून जन्माला येत नाहीत, हे त्याला ठाऊक नव्हते का? होते. त्याने फक्त विचारले नव्हते.

मग तो स्टुलावर चढला, मला खाली काढले, झटकले आणि पिशवीत घातले.

आनेकलची बस तेव्हा फार हळू जाई. अक्का खाटेवर होती, पायाला लाकडी पट्ट्या बांधलेल्या. केस पांढरे झाले होते. रघुजीने मला खाटेशेजारी ठेवले. दुखरा गुडघा वाकेना, तरी खाटेचा पाय धरून तो टेकला. त्याचे गुडघे थरथरत होते. किती वर्षांनी!

"अक्का, माझं काय चुकलं ते सांग."

अक्काने आधी मला पाहिले, मग त्याला.

"त्या दिवशी मी हात पुढे केला. तू पाहिलास?"

"पाहिला."

"मग?"

"नियम होता."

"कुणी केलेला?"

"मी."

अक्काने तोंड भिंतीकडे फिरवले. रघुजी थांबला. शेवटच्या बसची वेळ झाली तरी 'ऊठ' आले नाही. तो खाट धरून स्वतःच उठला. अंबुबाईंच्या घरात असे कधी घडले नव्हते. वाटेत पिशवीतही मला त्याचे हुंदके ऐकू येत होते.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा गेला. अक्काने भागुबाईला कॉफी द्यायला सांगितले, पायाचे दुखणे सांगितले, तो एक शब्द मात्र नाही. आणि त्यानंतरच्या आठवड्याचा रविवार प्रभुभोजनाचा होता.

त्या दिवशी पाळकसाहेबांनी यादी मागितली. रघुजीने कागद दिला. सगळ्या मंडळीची नावे होती, अक्काचेही होते. एकच नाव खोडलेले होते, ते त्याचे स्वतःचे.

"हे काय, रघुजी?" पाळकसाहेब गोंधळले.

"ही शेवटची यादी, साहेब. माणसाचं मन तपासायचं काम माझं नव्हतं. माझं एकट्याचं तपासायचं होतं, ते मी केलं नाही." एवढे बोलून तो शेवटच्या बाकावर, अक्काच्या जागी जाऊन बसला. ताट आले आणि त्याच्यासमोरून पुढे गेले. सगळे मान वळवून बघत होते. ताट आपल्यासमोरून जाते तेव्हा कसे वाटते, ते त्याला त्या दिवशी कळले.

सभागृहातून तो तडक आनेकलला गेला आणि माझ्यावर टेकला. काही सांगितले नाही, पण अक्काने त्याच्या तोंडाकडे पाहूनच ओळखले.

"जेवला नाहीस तू आज," ती म्हणाली.

"नाही."

मग तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "त्या बाकावर मी आता येणार नाही, रघू. तेवढं मला जमायचं नाही. पण तू ऊठ. गुडघा मोडशील, आणि इथं मोडकं माणूस एक पुरे आहे. ऊठ."

रघुजी रडत उठला. माझ्या खोळीवर पुन्हा डाग पडले. अक्का खरेच सभागृहात कधी आली नाही. पुढल्या खेपेस पाळकसाहेबच भाकर आणि प्याला घेऊन तिच्या खाटेपाशी गेले आणि तिथे दोघा भावंडांनी एकत्र घेतले. तक्ते मात्र रघुजीने कावेरीला देऊन टाकले. तिने त्यांच्या पाठीवर कोंबड्या काढल्या.

मित्रांनो, आता मी विरले आहे. वर्षातून दोनदा तरी मला ऊन दाखवा, भोकाला टाका घाला, कपाटावर टाकू नका. आणि माझ्यावर टेकून आपली प्रकृती तपासायला बसाल, तेव्हा तुमच्या प्रार्थनेत कोणाचे नाव येत नाही तेवढे आधी बघा. ते सापडले की मला उचला आणि त्या माणसाच्या दारी घेऊन चला, गाव लांब असले तरी, बस हळू असली तरी. मी मुळीच जड नाही. साध्या पिशवीत मावते.