पोटातले सोबती

"पोटातच खोट आहे हिच्या." पाळण्यातल्या थोरल्याला पहिली फिट आली, तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या. सासूबाई गेल्या, घर बदललं, दार बदललं. तो आवाज काही आईच्या कानातून गेला नाही.

आज धाकटीच्या प्रयोगशाळेत घरच्यांना बोलावणं होतं. "इथल्या मोठ्या मॅडम ना, त्या माझ्या पोटच्या," असं आई जिन्यातच दोघा-तिघांना सांगून चुकली. थोरला मागून हसत होता. सायकल दुरुस्तीच्या कामाचं काळं अजून त्याच्या नखांत होतं. फिटा आता गोळ्यांनी आटोक्यात होत्या.

'उंदरं सांभाळते' यापलीकडे धाकटीनं घरी कधी काही सांगितलं नव्हतं. आज पडद्यासमोर सांगावंच लागलं.

"या उंदरिणींना गाभण असताना जंतू मारायचं औषध दिलं. पोटातले चांगले जंतूही गेले. मग पिल्लांच्या मेंदूला सूज आली. हे मेंदूतल्या पेशींतले राखणदार बघ, फुगून गोळा झालेत. एरवी फांद्या पसरून शांत असतात, या शेजारच्या चित्रातल्यासारखे."

"ही कुणाची पिल्लं?" आईनं त्या शेजारच्या चित्राकडे बोट केलं.

"त्यांच्या आईलाही औषध दिलेलं. पण तिच्या पिंजऱ्यात मी निरोगी उंदरिणीखालचा भुसा टाकला, लेंड्यांसकट. तिनं खाल्ल्या, जंतू परत आले, पिल्लं निवांत."

"एवढं शिकून घाण टाकते," थोरला म्हणाला. "घरी साधा कप उचलत नव्हती."

आई हसली, पण ते हसू ओठांवरच विरलं. "म्हणजे तुमची आजी खरंच बोलली म्हणायची?"

धाकटीनं हातमोजे उतरवले. याच प्रश्नाला ती इतकी वर्षं भीत होती.

"नाही गं. हे उंदीर आहेत. दादाच्या फिटा कशानं, ते यावरून कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही. आणि खोट असती, तर मूठभर भुशानं गेली असती का?"

आईनं खांदे सरळ केले आणि थोरल्याकडे वळली.

"तू पोटात होतास, मी तापानं फणफणले होते. बाळाला बाधेल म्हणून आजीनं डॉक्टरांनी दिलेलं जंतू मारायचं औषध लपवलं. मी शोधून घेतलं. कुणाला कळू दिलं नाही. घेतलं म्हणून मी जगले, तू जगलास. पुन्हा वेळ आली ना, तर पुन्हा घेईन."