पाचवी लाट

ऑपरेशनला आत नेण्याआधी गॅरेजवाल्यानं तिला हाक मारली. ती श्रवणतज्ज्ञ, पण सगळं इस्पितळ तिला ताई म्हणायचं, म्हणून तोही म्हणाला, "ताई, डावा कान लहानपणीच गेला. उरलाय हा एकच. एवढा सांभाळा."

"तसाही माझं कुठं ऐकतो हा!" त्याची बायको म्हणाली. ती हसायला गेली, पण हसू अर्ध्यावरच विरलं.

उजव्या कानाच्या नसेला गाठ चिकटली होती. कॅन्सरची नव्हती, पण वाढत जाऊन मेंदूला रेटायला लागली होती. गाठ सर्जन काढणार आणि तोवर ताई कानावर पहारा देणार. झोपलेल्या माणसाच्या कानात इअरफोनमधून सतत टिकटिक सोडायची आणि नस त्याला काय उत्तर देते ते डोक्याला लावलेल्या तारांमधून पडद्यावर बघायचं. उत्तर लाटांसारखं उमटतं. त्यातली पाचवी लाट जागेवर असली की कान शाबूत. ती उशिरा यायला लागली, बसायला लागली, की नसेवर ताण आला असं समजायचं.

कवटी उघडून फार वेळ झाला नव्हता, आणि पडद्यावरून लाटच गायब झाली.

"थांबा!" ताई ओरडली.

सर्जननं हात मागे घेतले. ताईनं वाकून चादरीखाली पाहिलं, तर इअरफोनची नळी दुमडलेली. टिकटिक कानापर्यंत पोचतच नव्हती.

"नळी होती, सर."

"नळी," सर म्हणाले. एवढंच. पण तिचं तोंड लालबुंद झालं. भूलतज्ज्ञ उगाच आपल्या यंत्राकडे बघत बसला.

त्यानंतर तिला स्वस्थता लाभली नाही. लाट दिसत होती तरी ती नळी चाचपत राहिली, या पायावरून त्या पायावर होत राहिली. गाठ आतून पोखरून झाली. सर आता शेवटचा पापुद्रा नसेवरून सोलत होते. हात छान बसला होता त्यांचा.

आणि लाट मागे सरकली. जराशीच.

तिनं नळी पाहिली. ठीक होती. तारा पाहिल्या. भूलतज्ज्ञाला हळूच विचारलं, "रक्तदाब?"

"व्यवस्थित आहे."

लाट आणखी सरकली. बोलावं की आणखी जरा बघावं? पुन्हा आपलंच हसं झालं तर? तिनं नळी पुन्हा एकदा चाचपली. तेवढ्यात लाट खाली बसायला लागली.

"सर, लाट जातेय."

"नळी बघा."

"बघितली. तारा पण बघितल्या. नसच दमलीय."

"एवढंसंच राहिलंय हो."

"सर, हात काढा. आत्ता!"

आवाज इतका चढला की नर्सनं मान वर केली. सरांनी हात काढला. जखमेत कोमट सलाईन सोडलं आणि सगळे नुसते उभे राहिले. वाट बघण्यापलीकडे हातात काहीच नव्हतं. पडद्यावर लाट कुठं असायला हवी हे माहीत असलेल्यालाच सापडेल, इतकी ती पुसट झाली होती. मग हळूहळू तिनं डोकं वर काढलं.

"येतेय," ताई म्हणाली. "पूर्ण नाही, पण येतेय."

सरांनी बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावला. "हा तुकडा नसेला घट्ट धरून बसलाय. ओढला तर नस जाणार. राहू दे. पेशंटशी तसं आधीच बोलणं झालेलं आहे."

तो शुद्धीवर आल्यावर ताई मुद्दाम त्याच्या डोक्यामागे उभी राहिली, ओठ दिसू नयेत म्हणून. "कसं वाटतंय?"

"डोकं ठणकतंय," तो म्हणाला. "पण ताई, तुम्ही इतकं हळू का बोलताय?"

ती हळू बोललीच नव्हती. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा मोठ्यानं म्हणाली, "आराम करा."

बाहेर सर हात पुसत होते. "मी आधीच बोलायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो," सर म्हणाले. "यापुढं दहादा चुकलात तरी बोला. मी चिडेन, त्याकडे लक्ष देऊ नका."

पुढं तपासणीत कान बराचसा वाचल्याचं दिसलं. बारीक आवाज गेले होते, पण श्रवणयंत्र लावलं की बोलणं नीट कळत होतं. तो खूश होता. बायकोनं मात्र ताईला दाराबाहेर गाठलं.

"तो तुकडा आत आहेच ना? वाढला तर?"

"दरवर्षी स्कॅन करून बघायचं. बहुतेक वेळा वाढत नाही."

"बहुतेक," बायको म्हणाली. "खरं सांगा, बरोबर झालं ना?"

"मला तरी बरोबर वाटतं," ताई म्हणाली. "पण पहिला स्कॅन बघेपर्यंत माझ्याही जिवाला घोर राहणार आहे."