दोराचा पहिला हात

उत्तर अटलांटिकातील आमच्या बेटावर कड्यातील पक्ष्यांची अंडी काढण्यासाठी माणूस दोराने खाली सोडतात. वर सात जण दोर धरतात. त्यांत कडेजवळ, सर्वांत पुढे कोणाचा हात असावा, हे उतरणाऱ्यानेच सांगावयाचे, असा पूर्वापार रिवाज आहे. एकोणीस वर्षे तो हात माझा होता. पत्नी सुन्नवा निवर्तल्यानंतर कोणास माझी गरज भासावी असे तेवढेच एक स्थान मजपाशी उरले होते.

उतरण्यापूर्वी सर्वांनी गवतावर अर्धा तास पडावयाचे, हाही रिवाजच. गेल्या जूनमध्ये त्या विश्रांतीत माझा डोळा लागत असता पायाखालची भूमी नाहीशी झाल्याचा भास झाला, सर्वांग दचकले, आणि माझी लाथ शेजारच्या हानुसच्या बरगडीत बसली.

"मेलो रे!" हानुस ओरडला. "म्हातारबा, झोपेत कुठून पडलात?"

"आणि मूठ बघा कशी फटकन उघडली यांची," दुसरा म्हणाला. त्यावर मात्र कोणी हसले नाही. धुके दाटल्यामुळे त्या दिवशी उतरणे राहिले.

वास्तविक हा झटका मला तरुणपणापासून येत असे. सुन्नवा अर्धवट झोपेत माझ्या पोटावर हात टाकी व म्हणे, "आलास का वर? झोप आता." त्यामुळे हा काही दोष असेल, अशी शंकाही मनास शिवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"झोप लागताना अंग सैल पडतं, पण जागेपणा अजून पुरता गेलेला नसतो," त्या म्हणाल्या. "त्या अदलाबदलीत मेंदूकडून स्नायूंना चुकून हिसका जातो, असं मानतात. नक्की कारण कुणालाच ठाऊक नाही. बहुतेकांना होतं, मलाही होतं. जागेपणी हात नाही सुटायचा तुमचा. कॉफी किती पिता?"

"पुष्कळ. घरात दुसरं करण्यासारखं काही नसतं."

शनिवारी आकाश निवळले. माझा भाचा टुम्मास कमरेला दोर बांधीत होता. बाईंचे बोलणे मी सर्वांसमक्ष जसेच्या तसे सांगितले.

"मामा, बाईंवर माझा विश्वास आहे, तुमच्यावरही आहे," टुम्मास गाठ आवळीत म्हणाला. "पण खाली लोंबकळताना ती उघडलेली मूठ डोळ्यांपुढे येणार. मग माझाच पाय चुकायचा." मग दोर ओढून पाहत तो म्हणाला, "पुढे हानुस."

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो. कारण उतरणाऱ्याचे मन मोकळे असले पाहिजे, हे मीच त्याला शिकविले होते.

मी शेवटास जाऊन दोर धरला. तेथून कडा दिसत नाही. पुढच्या जागी असता माणूस खडकावर टेकला की वाऱ्यात झुलतो आहे, हे माझ्या तळव्यांना आपोआप कळत असे. आता हाताला लागत होती ती केवळ मधल्या सहा जणांची ओढ.

"टेकला का रे?" मी विचारले.

वारा समोरून होता. कोणी मागे वळून पाहिले नाही.