शालूच्या वाटणीची सुई

चंद्राबाईनं एकाच दिवशी दोनदा सुई टोचून घेतली. सकाळी डाव्या दंडात, स्वतःच्या नावानं. दुपारी उजव्या दंडात, धाकट्या जावेच्या, शालूच्या नावानं.

लढाईचे दिवस. दोघींचे नवरे पलटणीत, ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठंतरी. उंब्रजात उंदीर मरून पडायला लागले, तसा गाव घरांना कुलपं ठोकून माळावर खोपटांत राहायला गेला. माळाच्या दुसऱ्या टोकाला सरकारनं प्लेगच्या रोग्यांसाठी तीन छपरं उभारली, तिथं या जावा कामाला लागल्या. चंद्राबाई बायकांच्या छपरात रोगी सांभाळायची, शालू बाहेर चुलीपाशी पेज शिजवायची.

साताऱ्याहून आलेले डॉक्टर नारायणराव मोठे कडक. पायांना घासलेट चोळल्याशिवाय कुणी आत जायचं नाही, म्हणजे पिसवा चावत नाहीत. आणि प्लेगची लस टोचल्याशिवाय तर आवारातसुद्धा थांबायचं नाही, मग तो पेज शिजवणारा का असेना. माणूस भला होता. आपल्या हाताखालचं एकही माणूस प्लेगला द्यायचं नाही, असा त्यानं हट्टच धरला होता.

लस टोचली की दोन दिवस सणसणून ताप यायचा. तिथंच शालू अडली. तिला तिसरा महिना होता. आधीची दोन पोरं तापातच पोटातून गेली होती, आणि चंद्राबाईची कूस तर कधी उजवलीच नाही. दोन भावांच्या घरात जे काही यायचं होतं, ते आता शालूच्या पोटात होतं.

"आक्का, ताप आला तर ह्येबी जाईल वं," शालू रडकुंडीला आली.

"गप. तुझी मी घेते," चंद्राबाई म्हणाली.

आणि घेतलीसुद्धा. परक्या पुरुषापुढं बायका पदर हनुवटीपर्यंत ओढून उभ्या राहायच्या आणि बाजूनं नुसता दंड पुढं करायच्या. डॉक्टरांना नाव ऐकू आलं, दंड दिसला. तोंड बघायची रीतच नव्हती. कंपौंडर नानासो कोरेगावचा, त्याला कुठली कोण काय ठाऊक? त्यानं यादीत खूण केली. चंद्राबाई दोन दिवस तापानं फणफणली आणि मनातून खूश होती. थोरल्या जावेनं धाकटीचं दुखणं आपल्या अंगावर घ्यायचं, यात वावगं ते काय!

सुई टोचल्यावर आठव्या दिवशी सुलाबाई नावाची बाई काम सोडून गेली. नव्या रोग्याची घोंगडी, कपडे दाराशीच उतरवून उकळत्या हंड्यात टाकायचे, हे तिचं काम. सगळ्यांत वाईट काम तेच, कारण घोंगडीत पिसवा असायच्या. डॉक्टरांनी यादी मागवली.

"शालूबाईला टोचलेलं आहे. उद्यापासून ती दाराशी," ते सगळ्यांदेखत म्हणाले.

चंद्राबाई मनाशी हिशेब करू लागली. खरं सांगावं तर डॉक्टर चारचौघांत खोटारडी म्हणणार, शालूला तिथल्या तिथं सुई टोचणार, नाहीतर दोघींना हाकलणार. दोन दिवसांत दुसरी कोणी मिळेल, असं तिनं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते समजावतो. रोज सकाळी ती शालूच्या पायांना गुडघ्यापर्यंत घासलेट चोळायची, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. पण घोंगडी उचलायची ती हातांनी.

दाराशी लागल्यापासून सहाव्या दिवशी शालूला ताप भरला. दुपारपर्यंत काखेत गाठ आली.

"सुई टोचलेलीला प्लेग झाला!" आवारात एकच बोभाटा झाला. दोघा नोकरांनी गाठोडी बांधली. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते शालूच्या खाटेजवळ आले.

"तुला टोचलं होतं ना गं?"

"व्हय, टोचलं हुतं," शालू म्हणाली. तापातसुद्धा पोरीनं जावेला पाठीशी घातलं.

डॉक्टर लशीच्या बाटल्या उजेडात धरून उलटसुलट करू लागले. लस बिघडलेली असेल तर इथली सगळीच माणसं त्यांनी मरणाच्या दारात उभी केली होती. तेव्हा चंद्राबाई पुढं झाली. जन्मात पहिल्यांदा तिनं परक्या पुरुषापुढं पदर मागं सारला आणि दोन्ही दंड उघडे केले.

"लस चांगली हाय डाक्टर. वाईट मी हाय."

तिनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला.

"म्हणजे लस खरी आहे," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून लगेच खजील झाले. पण चंद्राबाईनं तो श्वास ऐकला होता. तिला रागही येईना. राग कुठल्या तोंडानं करायचा?

"अहो बाई, पोटुशी आहे एवढं बोलला असतात तर मी तिला न टोचताही चुलीपाशीच ठेवली असती. दाराशी उभी केली असती का?"

चंद्राबाईनं पदर पुन्हा पुढं ओढला. तिसऱ्या महिन्यात ही गोष्ट शेजारणीला सांगत नाहीत, ती डॉक्टरांना कोण सांगणार?

डॉक्टरांनी होत्या तेवढ्या गोळ्या शालूला दिल्या. ताप हटेना. गोळ्या गिळून ती ओकायची, ओकून पुन्हा गिळायची. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बेशुद्ध असतानाच पोट रिकामं झालं. मनुबाई नावाच्या म्हाताऱ्या कामवालीनं ते फडक्यात गुंडाळून छपरामागं पुरलं. चंद्राबाईनं जावेला पुसून काढलं, कोरडं लुगडं नेसवलं, डागाळलेलं उकळत्या हंड्यात टाकलं आणि उशाशी येऊन बसली.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा शालूनं डोळे उघडले. तिचा हात चाचपडत पोटावर गेला.

"आक्का, लय ताप आला वं मला."

"व्हय गं बाय."

"हाय न्हवं आजून?"

चंद्राबाईनं तिचा हात तिथंच, पोटावर, आपल्या दोन्ही हातांनी दाबून धरला.

"हाय," ती म्हणाली. "हाय की. आत्ताच हाललं."